घरात एईडी ठेवून शेजाऱ्यांच्या हाकेला धावणे: परभणीतील एक प्रयत्न आणि काही प्रश्न

निवृत्त_गुरुजी, परभणी

सर्वांना नमस्कार. मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. गेल्या महिन्यात मी स्वतःच्या पैशांतून एक एईडी, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारे स्वयंचलित यंत्र, विकत घेतले. सर्व मिळून लाखाच्या आसपास खर्च आला. ते विकत का घेतले हे आधी सांगतो, कारण पुढचे प्रश्न त्यातूनच निघाले आहेत.

गेल्या मार्गशीर्षात माझे थोरले बंधू गावाकडे पहाटे अंगणात कोसळले. मी त्या दिवशी तिथेच होतो. ते आचके देत होते आणि घशातून घरघर येत होती, त्यामुळे श्वास चालू आहे असे आम्हा सर्वांना वाटले. कोणी फिट आली म्हणून कांदा हुंगवला, कोणी तळपाय चोळले, कोणी तोंडात पाणी घातले आणि मी त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसलो. रुग्णवाहिकेला फोन लगेच केला होता. ती वेळेवर निघाली, परंतु अंतरच असे होते की पोहोचेपर्यंत पंचवीस मिनिटे गेली. नंतर डॉक्टरांनी सांगितले की ते पडले त्या क्षणीच हृदय थांबलेले होते, आचके हा श्वास नव्हता आणि त्या पंचवीस मिनिटांत कोणीतरी त्यांची छाती दाबायला हवी होती. त्या अंगणात आम्ही अकरा माणसे होतो.

पुढे मी छाती दाबण्याचे प्रशिक्षण घेतले. आमच्या कॉलनीत सुमारे १४० घरे आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक घरांत फक्त म्हातारा-म्हातारी राहतात, कारण मुले पुण्याला किंवा त्याहून दूर आहेत. असे काही घडले तर मला हाक मारा, मी यंत्र घेऊन धावत येईन, असे मी कॉलनीत सांगितले आहे. आता जाणकारांना विचारायचे ते असे. यंत्र कुठे ठेवावे? आमच्या उन्हाळ्यात ते टिकेल काय? मदत करताना माणूस दगावला तर कायदा काय म्हणतो? आणि एका घरातले एक यंत्र खरोखर उपयोगी पडते, की मी केवळ स्वतःच्या मनाचे समाधान विकत घेतले आहे?

भूलतज्ज्ञ, अंबाजोगाई

गुरुजी, आपल्या शेवटच्या प्रश्नाने सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर आपल्याला कदाचित आवडणार नाही. ज्यांना हृदयाच्या पुढच्या भिंतीचा झटका येऊन गेला आहे अशा ७,००१ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला होता आणि तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या घरांत एईडी दिले आणि उरलेल्या घरांत फक्त छाती दाबायला शिकवले. काही वर्षांनंतर दोन्ही गटांतील मृत्यूंच्या प्रमाणात फरक आढळला नाही. यंत्र एकूण ३२ जणांवर वापरले गेले, त्यांपैकी १४ जणांना योग्य झटका मिळाला आणि ४ जण बरे होऊन घरी गेले. त्या चार घरांसाठी यंत्र अनमोल ठरले, यात शंका नाही. परंतु हृदय थांबते तेव्हा माणूस अनेकदा घराबाहेर असतो, एकटा असतो किंवा झोपेत असतो, आणि अशा वेळी घरातल्या कपाटातील यंत्र जागच्या जागी राहते.

याच्या उलट उदाहरण शिकागोच्या विमानतळांचे आहे. तिथे चालत मिनिट-दीड मिनिटाच्या अंतरावर सर्वांना दिसतील अशा ठिकाणी यंत्रे लावली होती. पहिल्या दोन वर्षांत हृदयाची थरथर सुरू होऊन कोसळलेल्या १८ प्रवाशांपैकी ११ जणांचे हृदय पुन्हा चालू झाले. त्या अकरांपैकी सहा जणांवर यंत्र चालवणाऱ्यांनी ते चालवण्याचे शिक्षण कधीही घेतले नव्हते. त्यांतले तिघे डॉक्टर होते, बाकीचे साधे प्रवासी. म्हणजे यंत्र चालवणे अवघड नाही. ते जवळ असणे आणि कुठे आहे हे दहा जणांना ठाऊक असणे, हेच अवघड आहे. आपले यंत्र आपल्या घराचे राहिले तर पहिल्या अभ्यासासारखे होईल, आणि कॉलनीचे झाले तर दुसऱ्यासारखे होण्याची आशा आहे.

आता थोडे मूलभूत सांगतो, कारण या धाग्यावर बरेच जण येतील. हार्ट अटॅक आणि हृदय अचानक थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. माणूस शुद्धीवर असतो, छातीत दुखते, दरदरून घाम येतो, डावा हात किंवा जबडा भरून येतो. अशा माणसाला एईडी लावायचे नसते, त्याला ईसीजी होईल अशा रुग्णालयात तातडीने न्यायचे असते. त्याच अटॅकमुळे पुढे हृदयाच्या विजेचा ताल बिघडून ते नुसते थरथरू लागले, तर रक्त पुढे ढकलले जात नाही, माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो आणि मग आचके देऊ लागतो. एईडी या थरथरीवरचा उपाय आहे. दोन चिकट पट्ट्या उघड्या छातीवर लावल्या, एक उजव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली (कॉलरबोनखाली) आणि दुसरी डाव्या काखेच्या खाली बरगड्यांवर, की यंत्र स्वतः ताल तपासते आणि गरज असेल तरच झटका देते. हृदय पूर्ण शांत झाले असेल, म्हणजे कागदावर सरळ रेष येत असेल, तर ते झटका देत नाही, आणि त्या वेळी फक्त हात कामाला येतात.

हातांविषयी मी आग्रहाने लिहितो. काहीच केले नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते, आणि छाती दाबत राहिले तर ही घसरण मंदावते. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने, मोठ्या माणसात पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचे आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये सामान्य नागरिकांसाठी केवळ छाती दाबण्याचीच पद्धत ठरवून दिली, तोंडाने श्वास देण्याचा संकोच आड येऊ नये हा त्यामागचा हेतू होता. तेव्हा गुरुजी, एका यंत्रामागे निदान वीस जोडी हात तयार करा.

दुधनाकाठ, सेलू

गुरुजींच्या दुःखाबद्दल पूर्ण आदर ठेवून मी वेगळे मत मांडतो. आमच्याकडे पन्नाशीच्या माणसाने आयुष्यात एकदाही रक्तदाब मोजलेला नसतो. साखर वाढलेली असते ती पायाची जखम चिघळल्यावर कळते. तंबाखूची पुडी तर पाहुण्यापुढे पाण्याच्या तांब्याबरोबर येते. एका लाखात रक्तदाब मोजण्याची पन्नास यंत्रे येतील, आणि गावोगावच्या पारावर बसून ती वापरली तर कित्येकांचे हृदय थांबण्याची वेळच येणार नाही. ज्या भागात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तिथे हा खर्च प्राधान्याचा आहे काय, याचा विचार व्हावा असे मला मनापासून वाटते.

निवृत्त_गुरुजी, परभणी

आपले म्हणणे मला पटते आणि ते मी टाळणार नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मारुती मंदिराच्या ओट्यावर रक्तदाब तपासणी सुरू करतो. फक्त एक सांगतो. माझ्या बंधूंचा रक्तदाब नियमित तपासलेला होता, ते गोळी वेळेवर घेत आणि त्यांना कसलेही व्यसन नव्हते. काळजी घेऊनही काही माणसे कोसळतातच, आणि त्या वेळी समोर उभ्या असलेल्या माणसाला काहीतरी करता आले पाहिजे. डॉक्टरसाहेबांचे उत्तर मात्र दोनदा वाचले. यंत्र घरात ठेवून मी एकटा धावत जाणार होतो, तो बेत बदलावा लागेल.

लाइनमन, हिंगोली

डॉक्टरसाहेबांना एक विचारायचे आहे. माझी नोकरी विजेच्या तारांवर गेली. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने रात्री येते, तेव्हा शेतकरी अंधारात ओल्या पायाने विहिरीवर जातो, स्टार्टरच्या पेटीला हात लावतो आणि चिकटतो. असे मृत्यू मी सव्वीस वर्षांत बरेच पाहिले. अंगावर जखम इवलीशी असते, कधी कधी तीही नसते, आणि माणूस मात्र गेलेला असतो. हीच ती थरथर असते काय?

ती तशी असेल तर बाकीच्यांसाठी आमच्या कामातली शिस्त सांगतो. माणूस चिकटलेला असताना त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच पाडावा किंवा डीपीवरचा पुरवठा तोडावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने तार बाजूला सारावी, आणि सारणारा स्वतः कोरड्या जागी उभा असावा. अकरा हजार व्होल्टची तार तुटून पडली असेल, तर उपकेंद्रातून लाईन बंद केल्याचे कळेपर्यंत जवळ जायचेच नाही, लाकूड घेऊनही नाही. दुसऱ्याला वाचवायला गेलेला सख्खा भाऊ तिथेच पडल्याचे मी पाहिले आहे.

भूलतज्ज्ञ, अंबाजोगाई

होय, अगदी तीच. घरगुती आणि शेतीपंपाच्या विजेने, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तने करणाऱ्या उलटसुलट प्रवाहाने, हृदय थरथरू लागते. ही माणसे बहुधा तरुण असतात आणि त्यांचे हृदय मुळात निरोगी असते, म्हणून त्यांना वाचवण्याची संधी चांगली असते. पुरवठा तुटल्याची खात्री झाली की छाती दाबायला लागा आणि यंत्र मागवा. रुग्णाला पाण्यातून बाहेर ओढून छाती कोरडी पुसल्याशिवाय पट्ट्या लावू नयेत. आकाशातली वीज पडते तेव्हा प्रकार थोडा निराळा असतो. हृदय क्षणभर थांबून स्वतःहून चालू होऊ शकते, पण श्वास बंदच राहतो, म्हणून ज्याला येते त्याने तोंडाने श्वासही द्यावा. कीटकनाशक पोटात गेलेला किंवा विहिरीत बुडालेला माणूस यांच्यात मूळ अडचण श्वासाची असते. तिथे यंत्र लावायला हरकत नाही, पण झटका द्यावा लागण्याची शक्यता कमी असते.

सिस्टर, धाराशिव

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. आतापर्यंत कोणी न मांडलेली अडचण मांडते. कोसळलेली व्यक्ती बाई असेल तर काय होते? भोवती पुरुष उभे राहतात आणि ‘हात लावू नका, बायांना बोलवा’ असे म्हणत वेळ जातो. पट्ट्या उघड्या छातीवरच चिकटवाव्या लागतात, पदरावरून किंवा ब्लाऊजवरून त्या काम करत नाहीत. यंत्राच्या पिशवीत कात्री ठेवावी आणि ब्लाऊज समोरून कापावा. मंगळसूत्र कापायचे नाही, ते पट्टीखाली येणार नाही इतके बाजूला सरकवले की पुरते. मंगळसूत्राला हात लावल्यावरून घरच्यांनी वाद घातलेला मी पाहिला आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवलेले बरे. दोन बायांनी साडी किंवा चादर धरून आडोसा करावा, म्हणजे बघ्यांनाही काम मिळते आणि बाईची लाज राखली जाते.

तेव्हा गुरुजी, आपल्या वीस जोडी हातांमध्ये निम्मे हात बायांचे असू द्या. दुपारी अकरा ते पाच कॉलनीत कोण असते? पुरुष मोंढ्यावर, शाळेत किंवा कचेरीत असतात. घरी सुना, आज्या आणि कामाला येणाऱ्या मावश्या असतात. भिशीचा किंवा हरिपाठाचा दिवस धरून शिकवा, वेगळे बोलावले तर कोणी येणार नाही. छाती दाबायला जोर लागतो हे खरे, पण कोपर सरळ ठेवून अंगाचा भार टाकला तर साठीची बाईही दोन मिनिटे दाबू शकते, आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचाच असतो.

गोदातीर, मूळ नांदेड, सध्या सिंगापूर

इथली पद्धत सांगतो, कदाचित काही घेता येईल. सिंगापूरच्या नागरी संरक्षण दलाने २०१५ मध्ये ‘मायरिस्पॉन्डर’ नावाचे ॲप सुरू केले. कोणाचे हृदय थांबल्याचा फोन आपत्कालीन क्रमांकावर आला की सुमारे ४०० मीटरच्या आत असलेल्या नोंदणीकृत स्वयंसेवकांच्या मोबाईलवर इशारा जातो आणि जवळचे एईडी कुठे आहे तेही दिसते. इमारतींच्या तळमजल्यावर, लिफ्टपाशी, यंत्रे लावलेली असतात. मी तीन वर्षांपासून स्वयंसेवक आहे आणि दोनदा गेलो. एकदा माझ्या आधीच कोणीतरी पोहोचले होते. दुसऱ्यांदा आजोबा वाचले नाहीत, पण त्यांच्या मुलीने आम्हा तिघांचे हात हातात घेतले, ते मी विसरू शकत नाही.

परभणीत असे ॲप नाही, पण चारशे मीटर हे अंतर कुठेही चारशे मीटरच असते. आपल्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटावर मात्र विसंबू नका. सुप्रभातच्या चित्रांमध्ये हाक हरवते आणि रात्री आवाज बंद असतो. पाच-सहा जणांचे क्रमांक प्रत्येक घराच्या दारामागे ठळक अक्षरांत चिकटवा आणि फोनच करायला सांगा. एकाने १०८ ला, दुसऱ्याने यंत्रवाल्याला, आणि तिसऱ्याने तोवर छाती दाबायला लागायचे.

मांजरा, वकील, लातूर

कायद्याच्या प्रश्नाचे उत्तर देतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आले. ते मदत करणाऱ्याला संरक्षण देते, पण ते वाहन अपघातातील जखमींपुरते आहे. अंगणात कोसळलेल्या माणसाला ते थेट लागू होत नाही, आणि समाजमाध्यमांवर फिरणारे संदेश नेमके इथेच चुकतात. आपल्या उपयोगाचे कलम भारतीय न्याय संहितेतील ३० वे आहे, जे जुन्या दंड संहितेत ९२ वे होते. जो माणूस संमती देण्याच्या स्थितीत नाही आणि ज्याच्या वतीने वेळेत संमती देणारे कोणी नाही, त्याच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीमुळे इजा झाली, तरी तो गुन्हा ठरत नाही. कायद्यातच दिलेले एक उदाहरण असे आहे की वाघाने एका माणसाला उचलून नेले. गोळी झाडली तर ती माणसालाही लागू शकते हे ठाऊक असून, त्याला मारण्याचा हेतू नसताना, त्याच्या भल्यासाठी सद्भावनेने दुसऱ्याने वाघावर गोळी झाडली आणि ती माणसाला लागून जीवघेणी जखम झाली, तरी झाडणाऱ्याने गुन्हा केला नाही. छाती दाबताना बरगडी मोडली, तर माझ्या मते त्याचा विचार याच न्यायाने व्हायला हवा. मात्र ‘सद्भावना’ या शब्दात योग्य काळजी घेणे येते, म्हणून प्रशिक्षणाची नोंद आणि यंत्राच्या देखभालीची वही ठेवावी. घरची माणसे शुद्धीवर, समोर उभी आणि स्पष्ट नकार देत असतील, तर त्यांच्याशी झटापट करू नये.

यंत्रदुरुस्ती, छत्रपती संभाजीनगर

रुग्णालयातील उपकरणे सांभाळणे हे माझे काम आहे. बहुतेक एईडी शून्य ते पन्नास अंश तापमानात ठेवण्यासाठी बनवलेली असतात, आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत नेमका आकडा पाहावा. परभणीत मे महिन्यात सावलीत पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, मग उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत काय होत असेल ते सांगायला नको. पट्ट्यांवरचा चिकट लेप वाळतो आणि ऐन वेळी त्या छातीला धरत नाहीत. पट्ट्यांची मुदत साधारण दोन वर्षे आणि बॅटरीची चार-पाच वर्षे असते. तो खर्च आजच वर्गणीत धरून ठेवा, कारण तिसऱ्या वर्षी मुदत संपलेल्या पट्ट्यांसह भिंतीवर टांगलेली यंत्रे मी पुष्कळ पाहतो. हिरवा दिवा लुकलुकतो की नाही ते दररोज पाहायला एक माणूस नेमा. यंत्र कोणत्या भाषेत सूचना देते तेही ऐकून ठेवा. हिंदी असेल तर शिकवताना तीच वाक्ये सर्वांना ऐकवा.

निवृत्त_गुरुजी, परभणी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी काही करून पाहायचे होते.

भूलशास्त्र विभागातील दोन डॉक्टरांनी येऊन हरिपाठानंतर मंदिरात शिकवले. चौतीस जण आले, त्यांत एकोणीस बाया. नंतर आम्ही न सांगता एक सराव केला. कॉलनीच्या शेवटच्या घरातल्या वहिनींनी दुपारी दोन वाजता दारामागच्या यादीतला पहिला क्रमांक फिरवला आणि मी घड्याळ लावून बसलो. यंत्र माझ्या घरी होते. पहिला क्रमांक माझाच होता, म्हणून मी उठलो, कपाट उघडले, फाटकाचे कुलूप काढले आणि चालत निघालो. पोहोचायला सहा मिनिटे लागली. माझे वय एकाहत्तर आहे, याचा विचार मी आधी केला नव्हता. दुसऱ्या सरावात यंत्र चौकातल्या किराणा दुकानात होते आणि दुकानात काम करणारा मुलगा स्कुटीवर घेऊन गेला. दोन मिनिटे दहा सेकंद.

म्हणून यंत्र आता सकाळी सहा ते रात्री दहा दुकानात, गल्ल्याच्या मागे, सावलीतल्या भिंतीवर असते. रात्री ते दुकानाच्या वर राहणाऱ्या कुटुंबाकडे जाते आणि त्यांच्या जिन्याला कुलूप लावायचे नाही असे ठरले आहे. पिशवीत कात्री, दाढीचे पाते, कोरडा पंचा आणि विजेरी ठेवली. हिरवा दिवा पाहून वहीत सही करण्याचे काम दुकानदारांच्या सुनेने मागून घेतले. पट्ट्यांसाठी प्रत्येक घराने वर्षाला पन्नास रुपये द्यायचे आहेत, एकशे बारा घरांनी दिले. दुधनाकाठ यांनी सुचवलेली तपासणी पहिल्या रविवारी झाली आणि सत्तावन्न जणांपैकी नऊ जणांचा रक्तदाब इतका वाढलेला निघाला की त्यांना दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवले.

लाइनमन भाऊंना एक विनंती आहे. बंधूंच्या गावात रात्री मोटार चालू करायला जाणारी पस्तीस-चाळीस माणसे आहेत. पुढच्या अमावास्येला, शेतीकामाची सुट्टी असते तेव्हा, आपण एक दिवस येऊन पुरवठा तोडण्याची शिस्त शिकवावी. छाती दाबायला मी शिकवीन. सराव त्याच अंगणात घ्यायचा आहे, वहिनींनी होकार दिला आहे.

लाइनमन, हिंगोली

येतो, गुरुजी. जुन्या स्टार्टरची एक पेटी आणि कोरडी काठी बरोबर आणतो. पूर्णेला सकाळच्या गाडीने उतरेन, तिथून पुढे न्यायला कोणाला तरी पाठवा.